जुने अंक रद्दीत नकोत

संपादक महोदय,

'डॉ. डॉब्ज जर्नल' हे प्रोग्रॅमरांचे अमेरिकी मासिक १९७६ साली निघाले. २००९ मध्ये त्याचा स्वतंत्र छापील अंक थांबला. लिनक्स या संगणकप्रणालीला वाहिलेल्या 'लिनक्स जर्नल' मासिकाने २०११ मध्ये कागद सोडला. वाचक आळसावले म्हणून हे झाले, असे म्हणणे अन्यायाचे आहे. लेख छापून हाती पडेपर्यंत महिने जात. छापलेला कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मजकूर, वाचक पाहून टंकत; पण अरुंद स्तंभात त्याची ओळ मध्येच तुटे. सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत अवतरणातला मजकूर असा तुटला की कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) चूक दाखवणारच. शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांची गफलत वेगळीच! पुढे कंपायलर फुकट मिळू लागले आणि त्यांच्या जाहिराती आटल्या. खरा घाव हा. पण त्याबरोबर छपाईआधी कोड तपासणारा तांत्रिक संपादकही गेला, याची खंत वाटते. निदान अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी या मासिकांचे बांधीव खंड रद्दीत घालू नयेत.

– एक वाचक, पुणे