औषधांची पिशवी हाताशीच हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की नाशिकमधून मुलांकडे अमेरिका, लंडन, दुबईला निघणाऱ्या ज्येष्ठांची औषध दुकानात गर्दी होते. महिना-दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम घेतल्या जातात आणि काउंटरवर ठरलेला प्रश्न येतो : 'या मोठ्या बॅगेत टाकल्या तर चालतील ना?' चालणार नाहीत. मोठी बॅग चुकली आणि चार दिवसांनी मिळाली तर कपड्यांचे कसेही भागते, रक्तदाबाच्या किंवा फिटच्या गोळीचे भागत नाही. शिवाय विमानाच्या पोटातल्या थंडीचा भरवसा नाही, आणि इन्सुलिन एकदा गोठले की ते फेकूनच द्यावे लागते.

मात्र केबिन बॅगेत टाकली म्हणजे काम झाले, असेही नाही. देशांतर्गत उड्डाणात केबिन बॅगेला साधारण ७ किलोची मर्यादा असते आणि रिकामी ट्रॉलीच अडीच-तीन किलोची भरते. त्यात औषधे जातात तळाशी, वर स्वेटर, चिवड्याची पाकिटे. विमान पूर्ण भरलेले असले किंवा लहान, पंख्यांचे एटीआर असले, की वरच्या कप्प्यात जागा नाही म्हणून ट्रॉली दारातच काढून घेतात आणि खाली सामानात पाठवतात. मागे रांग, हातात बोर्डिंग पास, अशा घाईत तळाशी हात घालून औषधे शोधणे होत नाही. म्हणून औषधांची चेनची पिशवी वेगळी करावी आणि ट्रॉलीत सगळ्यात वर ठेवावी, एका हाताने उचलली की बाहेर आली पाहिजे. पॉवर बँकही तिच्या शेजारीच असावी, कारण ती खालच्या सामानात चालत नाही. तिची मर्यादा १०० वॉट-तास आहे. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची, म्हणजे चालणारी. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी आणि दम्याचा पंप मात्र या पिशवीतही नको. गोळी खिशात, पंप टोपण लावून हातातल्या पर्समध्ये. सीटबेल्टचा दिवा लागलेला असताना उठून वरचा कप्पा उघडता येत नाही.

गोळ्या आठवड्याच्या डबीत सुट्या भरून नेऊ नयेत. घरी ती डबी सोयीची, पण परक्या विमानतळावर सात कप्प्यांतल्या पांढऱ्या-गुलाबी गोळ्या कशाच्या, हे कोणालाच सांगता येत नाही. गोळ्या पट्टीतच न्याव्यात, डबी रिकामी न्यावी. पुडीत बांधलेल्या चूर्णाचे आणि भस्माचेही तेच. कंपनीच्या बंद डबीत, लेबलासकट असेल तरच न्यावे.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पासपोर्टवर आहे तेच पूर्ण नाव हवे आणि ब्रँडसोबत घटकाचे नाव हवे. आपला ब्रँड तिकडे कोणी ओळखत नाही. कधी घटकाचे नावही बदलते : आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन होते, पंपातले साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल होते. अमेरिकेत स्वतःपुरते साधारण ९० दिवसांचे औषध नेण्याचा संकेत आहे. मुक्काम त्याहून मोठा असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून पुढच्या औषधांची सोय ठरवावी.

आंतरराष्ट्रीय प्रवासात पातळ पदार्थाची बाटली १०० मिलीच्या आतली लागते, आणि ही मर्यादा बाटलीवर छापलेल्या मापाला आहे. २०० मिलीच्या बाटलीत तळाला दोन घोट उरले असले तरी ती अडते. प्रवासात लागणारे औषध या नियमातून वगळलेले आहे, पण ते आपणहून ट्रेमध्ये वेगळे काढून चिठ्ठीसह दाखवायचे असते. उड्डाणात केबिनमधला हवेचा दाब ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तितका उतरतो. अर्धवट रिकाम्या बाटलीतली हवा फुगते आणि औषध बाहेर ढकलते. डोळ्यांच्या थेंबांची बाटली म्हणून उभी, झिपच्या पिशवीत ठेवावी आणि उघडताना टोक वर धरावे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इन्सुलिनचा. न उघडलेले इन्सुलिनचे पेन (पेनासारखे दिसणारे, सुई लावून टोचायचे भरलेले इंजेक्शन) २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. वापरात असलेले बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे टिकते, नेमका आकडा त्याच्या पत्रकात असतो. लोक काय करतात, तर फ्रीझरमधला दगडासारखा घट्ट जेल पॅक काढतात आणि पेन त्याला चिकटवून ठेवतात. पेन गोठते. वितळल्यावर वरून धड दिसते, पण गुण गेलेला असतो. दुधाळ इन्सुलिन बिघडले की काचेच्या आतल्या बाजूला दव साठल्यासारखा पांढरा थर दिसतो किंवा कण तरंगतात. स्वच्छ असणारे गढूळ दिसले तर तेही टाकून द्यावे. पेन आणि जेल पॅक यांच्यामध्ये सुती रुमालाच्या दोन घड्या हव्यात. पेन हवाई सुंदरीकडे फ्रिजमध्ये ठेवायला देऊ नये. बर्फाशेजारी राहिले तर गोठते आणि उतरण्याच्या गडबडीत मागेच राहते.

खरा धोका विमानाच्या आधी, रस्त्यावर असतो. आपल्याकडून मुंबईचे विमानतळ गाडीने चारएक तासांवर. चालक सगळ्या बॅगा डिकीत टाकतो, इगतपुरी किंवा कसाऱ्याला चहा-वड्याला गाडी उन्हात उभी राहते, काचा बंद. मे महिन्यात त्या अर्ध्या तासात डिकी भट्टीसारखी तापते. इन्सुलिनची पिशवी पायाशी, सावलीत असावी आणि चहाला उतरताना सोबत न्यावी. डॅशबोर्डवर तर ठेवूच नये. नाशिकच्याच ओझर विमानतळावरून जाणाऱ्यांचा रस्ता छोटा आहे, तरी नियम तोच.

हिशेबातही चूक होते. दिवसाला २८ युनिट दोन वेळात घेणारा म्हणतो, महिन्याला ८४० युनिट, पेनमध्ये ३००, म्हणजे ३ पेन पुरतील. पण प्रत्येक वेळी सुई तपासायला २ युनिट सोडायचे असतात. दिवसाचे ३२ होतात, महिन्याचे ९६०. चौथे पेन लागतेच, आणि एक हरवण्या-फुटण्यासाठी धरले तर पाच. पेनला सुई लावून ठेवू नये, तिच्यातून हवा आत शिरते आणि औषध गळते. बाटली वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. आपल्या बाटलीत दर मिलीला ४० युनिट असतात, परदेशी बाटलीत बहुधा १००. तिकडे विकत घेतलेली बाटली इथून नेलेल्या ४० च्या, लाल टोपणाच्या सिरिंजने भरली तर अडीचपट डोस जातो आणि साखर धोकादायक खाली येते. बाटली आणि सिरिंज एकाच मापाची हवी.

आखाती देशांचे नियम फार कडक आहेत. संयुक्त अरब अमिरातीत वेदनाशामक ट्रामाडॉल, कोडीनचे खोकल्याचे औषध, चिंतेवरची अल्प्राझोलाम, नसांच्या दुखण्यावरची प्रेगाबालिन यांवर नियंत्रण आहे, आणि तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी निघण्यापूर्वी घ्यावी लागते. खसखस तिथे बंदी असलेल्या वस्तूंत मोडते. दिवाळीचे अनारसे किंवा खसखस घातलेला मसाला प्रेमाने बांधून दिला, तरी नेऊ नये. आणि 'माझ्या पोराला एवढे पाकीट द्या' म्हणून कोणी औषध दिले, तर नम्रपणे नाही म्हणावे. चिठ्ठी दुसऱ्याच्या नावाची आणि बॅग तुमची, अशा वेळी उत्तर तुम्हालाच द्यावे लागते.

शहरातल्या डॉक्टरांना विनंती, की परदेशी निघालेल्या रुग्णाची चिठ्ठी घटकाच्या नावासह मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहावी. तेव्हाच्या भारतीय वैद्यकीय परिषदेने २०१६ मध्ये डॉक्टरांच्या नियमांत केलेल्या दुरुस्तीत हेच सांगितले होते. आणि आम्हा दुकानदारांनी अशा ग्राहकाला कात्रीने कापलेली पट्टी देऊ नये. नाव एका तुकड्यावर राहते, मुदत दुसऱ्यावर, आणि तो दुसरा तुकडा आपल्याच ड्रॉवरमध्ये पडून असतो.

एक औषधविक्रेता,
नाशिक