टाकीच्या झाकणाला छिद्र नाही आणि दोष मात्र गोव्याच्या हवेला

दिनांक: 6 ऑक्टोबर 2025
डिचोली, गोवा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय

विषय: 14 मे 2025 रोजी घेतलेला पेट्रोल लॉनमोअर (गवत कापायचं मशीन) चालता चालता दम सोडतो; तीन वेळा चुकीचं निदान केल्याबद्दल, त्यातल्या दोन वेळा पैसे घेतल्याबद्दल आणि वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार.

महोदय,

मी माळीकाम करतो. बार्देशात हळदोणे, आसगाव आणि शिवोली मिळून सात बंगल्यांची लॉन माझ्याकडे आहेत. पावसाळ्यात कार्पेट ग्रास आठ-दहा दिवसांत पुन्हा बोटभर वाढतं, त्यामुळे जून ते ऑक्टोबर हाच माझा खरा हंगाम. हे सांगतो, कारण आपल्या सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने मला विचारलं होतं, "घरच्या अंगणासाठी एवढी घाई कशाला?" अंगण माझं नाही साहेब, पोट माझं आहे.

मशीन आपल्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घेतलं. फोर-स्ट्रोक इंजिन, 21 इंची पातं, किंमत 43,500 रुपये. मे महिन्यात गवत असतं कुठे, म्हणून पहिले तीन आठवडे मशीन पाच-सात मिनिटांच्या वर कधी चाललंच नाही. तेव्हा ते उत्तम वाटलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस स्थिरावला आणि पहिल्या मोठ्या लॉनवर गाडी अडली.

दोष असा. थंड इंजिन एका दोरीत सुरू होतं. दहा-बारा मिनिटं झकास चालतं. मग आवाज बारीक होतो, रेस आपोआप वर-खाली होऊ लागते, पातं गवतात दबतं आणि मिनिटाभरात इंजिन बंद पडतं. दोरी ओढून ओढून खांदा दुखतो, पण ते पेटत नाही. पंधरा मिनिटं सावलीत ठेवलं की पुन्हा पहिल्यासारखं सुरू. पुन्हा दहा-बारा मिनिटं.

पुस्तकात लिहिलेलं सगळं आधी मी घरी केलं. एअर फिल्टर काढून झटकला, मग नवीनच घातला. ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढला, फटीत गेज घालून पाहिलं, 0.7 मिलिमीटर होती, म्हणजे बरोबर. प्लगचं तोंड मात्र पांढुरकं होतं. पेट्रोल जास्त येतं तेव्हा ते काळं आणि ओलसर दिसतं. पांढुरकं म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. ही गोष्ट मी पहिल्या दिवशी सर्व्हिस सेंटरला सांगितली होती, जॉबकार्डवर कुणी लिहिली नाही. ऑइलची पातळी पाहिली. पात्याची धार काढली. डेकच्या, म्हणजे पात्यावरच्या कव्हरच्या, आत ओल्या गवताचा चार बोटं जाड थर बसतो, तो दर वेळी खरवडून काढतो. ओल्या गवताने मशीन दबतं हे मला कुणी शिकवायला नको, पण ते पहिल्या मिनिटापासून दबतं. बाराव्या मिनिटाला नाही.

28 जूनला मशीन पिकअपमध्ये घालून आपल्या सर्व्हिस सेंटरला नेलं. येऊन-जाऊन साठ किलोमीटर आणि एक दिवसाची मजुरी. त्यांनी कार्बोरेटर साफ केला, इंजिन चालू करून दाखवलं, "ओके" लिहून परत दिलं. पहिली सर्व्हिस म्हणून पैसे घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी आसगावला पुन्हा तेच.

21 जुलैला दुसरी फेरी. या वेळी एक गोष्ट मी आपणहून सांगितली, आणि तीच माझ्यावर उलटली. 9 जुलैला एका बंगल्यात लॉनच्या कडेला मातीत दबलेला चिरा पात्याला लागला होता. आमच्याकडे माती वीतभर आणि खाली जांभा, असं होतं कधी कधी. चिऱ्याला पातं आपटलं की फ्लायव्हीलची चावी, म्हणजे इंजिनाचं चाक जागेवर धरणारी छोटी धातूची पट्टी, थोडी कापली जाऊ शकते, ठिणगीची वेळ चुकते आणि इंजिनाचा जोर जातो, हे मलाही ठाऊक आहे, म्हणूनच सांगितलं. मेकॅनिकने फ्लायव्हील काढून पाहिलं. चावी शाबूत होती, तसं त्याच्याच हातचं जॉबकार्डवर आहे. तरी खालच्या ओळीत "गैरवापर: दगडावर आपटले" असा शेरा मारला आणि 1,480 रुपये घेतले. त्रास जूनमध्ये सुरू झाला, चिरा जुलैत लागला. तारखा त्यांच्याच कागदावर आहेत.

11 ऑगस्टला तिसरी फेरी. आता निदान निघालं इग्निशन कॉइलचं, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या भागाचं. तापल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू, म्हणजे कॉइल, असा हिशेब. वरवर तो बरोबर वाटतो, मीही मान डोलावली. खरं तर इंजिन बंद पडल्याबरोबर प्लग बाहेर काढून ठिणगी येते का, एवढं पाहिलं असतं तरी पुरे होतं. नंतर मी तेच केलं. ठिणगी निळी आणि जोरदार होती. म्हणजे धडधाकट कॉइल काढून नवी घातली, आणि तिचे 2,960 रुपये मी भरले, कारण जॉबकार्डवर लिहिलं होतं, "इथेनॉलयुक्त पेट्रोल व दमट हवामानामुळे बिघाड, वॉरंटीत बसत नाही." पेट्रोलने कॉइल कशी बिघडते हे मी काउंटरवर विचारलं. उत्तर आलं, "गोव्यात सगळ्यांची हीच कंप्लेंट असते."

पेट्रोलबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपला सगळा बचाव त्याच्यावरच उभा आहे. इथेनॉल पाणी ओढतं हे खरं. पाणी फार झालं तर इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर धरतात, इंजिन गचके देतं, कार्बोरेटर गंजतो. शिवाय इथेनॉल जाळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे कार्बोरेटरमधल्या जुन्या मापाच्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. हे सगळं मान्य. म्हणून मी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत भरून रात्रभर माडीवर ठेवलं. सकाळी तळाला थर नव्हता. पंपावरून त्याच दिवशी आणलेल्या पेट्रोलवरही मशीन बाराव्या मिनिटालाच बंद पडायचं. आणि पातळ मिश्रणाचा त्रास थंड इंजिनापासून सुरू व्हायला हवा, घड्याळ लावल्यासारखा बाराव्या मिनिटाला कसा होईल?

त्याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. आपल्या पुस्तकात 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं छापलं आहे. देशात वीस टक्क्यांचं पेट्रोल फेब्रुवारी 2023 पासून यायला लागलं आणि यंदा आमच्या पंपांवर साधं पेट्रोल म्हणून तेच मिळतं. मे 2025 मध्ये मशीन विकताना हे आपल्याला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं, तर दुकानात मला कुणी का सांगितलं नाही? जे पेट्रोल गिऱ्हाइकाला सहज मिळत नाही तेच घालण्याची अट ठेवायची आणि मग मिळतं ते घातलं म्हणून वॉरंटी काढून घ्यायची, हा कुठला न्याय?

आता दोष कसा सापडला ते. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, 27 ऑगस्टला होती. बंगल्यांचे मालक मुंबईहून येणार, त्याआधी सगळी लॉन झाली पाहिजेत, आणि माझं मशीन दर बारा मिनिटांनी विश्रांती घेतंय. भाड्याने दुसरं मशीन आणलं, पाच दिवसांचे 3,000 रुपये गेले. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांचं) सामान आणायला घरी आलेले माझे काका ओट्यावर बसून हा तमाशा बघत होते. काका 2012 मध्ये खाणी बंद पडेपर्यंत खाणीवरच्या ट्रकांचे मेकॅनिक होते. त्यांनी पाना हातात घेतला नाही. इंजिन दम सोडायला लागल्यावर एवढंच म्हणाले, "झाकण जरा सैल कर रे."

टाकीचं झाकण अर्धा आटा फिरवलं. "स्सss" असा आवाज आला आणि दोन-तीन सेकंदांत इंजिन पुन्हा पूर्ण रेसवर आलं. मी झाकण घट्ट केलं, बारा मिनिटांनी पुन्हा मेलं. सैल केलं, पुन्हा जिवंत. असं चार वेळा केलं, चौथ्या वेळचा व्हिडिओ सोबत जोडला आहे.

कारण आपल्या इंजिनिअरांना सांगायची गरज नाही, पण आपल्या सर्व्हिस सेंटरला दिसते. पेट्रोल आपल्या वजनाने टाकीतून कार्बोरेटरमध्ये उतरतं. जेवढं उतरेल तेवढी हवा वरून आत यावी लागते, त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असतं. ते नसेल तर टाकीत ओढ तयार होते, पेट्रोल उतरायचं मंदावतं, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन उपाशी मरतं. थोडा वेळ थांबलं की आट्यांच्या फटीतून हवा झिरपते, म्हणून ते पुन्हा सुरू होतं. माझ्या झाकणाच्या आतल्या गॅस्केटला ते छिद्र पाडलेलंच नाही. कचरा अडकून बुजलं असतं तर दोष माझा म्हटला असता. इथे बुजायला काही नाहीच. विक्रेत्याच्या दुकानात मांडलेल्या याच मॉडेलचं झाकण पाहिलं, त्याला छिद्र आहे. त्यांच्या परवानगीने ते माझ्या मशीनला लावून चालवलं. चाळीस मिनिटं न थांबता चाललं.

आणि एक गोष्ट माझ्या वहीत जुलैपासून होती, पण तिचा अर्थ तेव्हा लागला नव्हता. टाकी काठोकाठ भरली की मशीन दहा मिनिटांत बंद पडायचं, अर्धी असली की वीस-पंचवीस मिनिटं निघायची. मला वाटायचं, योगायोग. टाकी भरलेली असली की वर हवा थोडी राहते आणि ओढ लवकर वाढते, एवढंच ते होतं. आपल्या सर्व्हिस सेंटरने तिन्ही वेळा टाकीत दोन बोटं पेट्रोल घालून, फरशीवर, गवत नसताना, पाच मिनिटं इंजिन चालवलं आणि ओके लिहिलं. तसं चालवलं तर हा दोष वर्षभरात दिसणार नाही. एकदा टाकी भरून मागच्या मोकळ्या जागेत पंधरा मिनिटं मशीन ढकललं असतं, तर माझा हंगाम वाचला असता. त्यांनी मशीन तपासलं नाही, गोवा तपासला: इथली हवा, इथलं पेट्रोल, इथला चिरा.

मधल्या काळात दोन दिवस मी झाकण सैल ठेवून काम केलं. शिवोलीला उतारावर मशीन वळवताना पेट्रोल हिंदकळून तापलेल्या सायलेन्सरजवळ सांडलं. काही झालं नाही, पण त्या दिवसापासून तसं करायचं सोडलं. सध्या काकांच्या जुन्या पाण्याच्या पंपाचं झाकण वॉशर घालून बसवलंय. नवीन झाकण "कंपनीकडून यायचं आहे" असं विक्रेता 1 सप्टेंबरपासून सांगतो आहे.

झाकण बदलल्यावर मशीन बंद पडत नाही. पण दाट गवतात त्याला मे महिन्यातला जोर आता उरलेला नाही, दोरी ओढताना हाताला लागणारा दाबही कमी वाटतो. अडीच महिने इंजिन अपुऱ्या पेट्रोलवर, पातळ मिश्रणावर, तापत चाललं. अशा वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक भाजून निघतात. माझा अंदाज चुकीचा असेल, तर तो मोजून चुकीचा ठरवा: कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्हची फट माझ्यासमोर मोजा, आकडे कागदावर लिहून द्या. खराबी निघाली तर दुरुस्ती वॉरंटीत हवी, कारण मूळ आपल्या झाकणात आहे.

याशिवाय माझं म्हणणं असं की दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचे मिळून 4,440 रुपये परत मिळावेत, "गैरवापर" आणि "इथेनॉल" हे दोन्ही शेरे लेखी रद्द व्हावेत, भाड्याच्या मशीनचे 3,000 रुपये मिळावेत आणि छिद्र असलेलं झाकण विनामूल्य मिळावं. बुडालेल्या मजुरीचा आकडा मी मुद्दाम लावत नाही. तो लावायची वेळ आली तर ग्राहक आयोगापुढे लावीन. याच खेपेची किती मशीन कोकणपट्टीत विकली गेली ते आपल्याकडे नोंदलेलं असेल. त्यांची झाकणंही तपासा. माझ्यासारखा दुसरा कुणीतरी आज कॉइलचे पैसे भरत असेल.

या पत्रापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, आणि त्यानेही काही झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे मी राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाईन. त्यासाठी आपल्या मुख्य कार्यालयाच्या शहरात यावं लागत नाही आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही नाही, हे मी विचारून ठेवलंय.

विक्रेत्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्यांनी दुकानातलं झाकण काढून दिलं नसतं तर मी अजून पेट्रोललाच शिव्या घालत बसलो असतो.

मूळ झाकण प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून घरी ठेवलं आहे. ते मी पोस्टाने पाठवणार नाही आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरही देणार नाही. आपला माणूस डिचोलीला पाठवा. पोच लिहून दिली की त्याच्या हातात देईन.

आपला,
(सही)
बिलावरील ग्राहक

सोबत: खरेदीचं बिल, वॉरंटी कार्ड, तिन्ही जॉबकार्डं, दोन पावत्या, भाड्याच्या मशीनची पावती, दोन्ही झाकणांचे फोटो, व्हिडिओ.