धूर एकीकडे, माल दुसरीकडे

महोदय,

कार्बन उत्सर्जनाची बातमी आली की सोबत देशांच्या एकूण उत्सर्जनाचा तक्ता येतो. चीन पहिला, अमेरिका दुसरी, भारत तिसरा. आकडे खरे असतात, पण ते वाचून लोकसंख्या हेच सगळ्याचे मूळ, असा समज होतो. तो मला फार खटकतो.

माणशी हिशेब मांडला की चित्र पालटते. अमेरिकेत माणशी वर्षाला साधारण 14 टन कार्बन डायऑक्साइड, चीनमध्ये 8, भारतात 2. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत, दक्षिण आफ्रिका हा देश सोडला, तर एक टनसुद्धा नाही. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आठवड्याला 10 लिटर पिणारी मोटार वर्षाकाठी जवळपास 1.2 टन सोडते. म्हणजे आफ्रिकेच्या त्या भागातला माणूस अख्ख्या वर्षात सोडतो त्याहून जास्त, आणि तेही केवळ एका मोटारीतून! त्या भागात सुमारे 60 कोटी लोकांच्या घरी अजून वीज नाही. त्यांच्या लोकसंख्येकडे बोट दाखवणे मला अन्यायाचे वाटते.

माणशी उत्सर्जनातल्या या फरकाचे उत्पन्न हे पहिले कारण खरेच, पण वीज कशापासून बनते हेही तितकेच महत्त्वाचे. फ्रान्स आणि जर्मनी यांच्या राहणीमानात फारसा फरक नाही. तरी फ्रान्सची सुमारे दोन तृतीयांश वीज अणुभट्ट्यांतून येते आणि जर्मनी वर्षानुवर्षे कोळशावर विसंबून राहिला, म्हणून जर्मन माणसाचे उत्सर्जन दीडपटीहून जास्त भरते. गरीब देशांनी थेट सौरऊर्जेकडे वळावे, असा सल्ला सहज दिला जातो. पण सौर प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च आधीच करावा लागतो आणि आफ्रिकेत त्यासाठीचे भांडवल श्रीमंत देशांच्या दुप्पट-तिप्पट महाग पडते. ऊन फुकट असले तरी कर्ज फुकट नसते.

शिवाय धूर जिथे निघाला त्या देशाच्या खात्यावर तो लिहिला जातो. माल कोणी वापरला, हे त्यात येत नाही. वापरणाऱ्याच्या नावावर हिशेब मांडला की युरोपचा आकडा वाढतो, चीनचा घटतो. आणि जुन्या धुराचे काय? औद्योगिक क्रांतीपासूनच्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा, तर संपूर्ण आफ्रिकेचा जेमतेम 3 टक्के. तो वायू शतकानुशतके हवेत टिकतो.

अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण या भारतीय पर्यावरण अभ्यासकांनी 1991 मध्येच जगण्यासाठीचे आणि चैनीचे उत्सर्जन वेगळे मोजा, असे म्हटले होते. ते गरीब देशांतल्या श्रीमंतांनाही लागू आहे, हे मान्य करायलाच हवे.

यापुढे असा तक्ता छापताना दरडोई, आजवरचे साठलेले आणि वापरानुसारचे उत्सर्जन असे तीन रकाने जोडावेत, ही विनंती.

– एक वाचक