शेवटचा अर्धा तास

शहापूर, बेळगाव

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तो रागानेच, हे आव्वालासुद्धा कळलं. त्या सुपरहिरोच्या सिनेमाबद्दल 'शेवटचा अर्धा तास नुसता राखेचा धुरळा आहे' असं मी म्हणाले आणि त्याच धुरळ्यात तुझे शॉट होते. कोणते, ते तू सांगितलं नाहीस. मत मी मागे घेत नाही. पण ते तुझ्या संगणकावर दृश्यं जोडायच्या, व्हीएफएक्सच्या कामाबद्दल नव्हतं, आणि फोनवर एवढं सगळं नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले. तुझ्या झोपेबद्दल यात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलंय.

सुपरहिरोंच्या सिनेमांचा शेवट बिघडतो तो तुमच्या टेबलावर नाही, त्याच्या कितीतरी आधी. नट हिरव्या पडद्यापुढे उभा राहतो तेव्हा त्याच्या मागे काय असणार हेच ठरलेलं नसतं. मग कॅमेरामन तरी काय करणार? तो चारी बाजूंनी सारखा, मऊ उजेड टाकून ठेवतो, म्हणजे पुढे काहीही चिकटवता यावं. काही महिन्यांनी वरच्या कुणाला तरी वाटतं, मागे मावळता सूर्य हवा. सूर्य डावीकडे क्षितिजावर, आणि नाकाची सावली मात्र सरळ हनुवटीवर. बघणाऱ्याला सावलीचं कळत नाही, पण काहीतरी खोटं आहे एवढं नक्की कळतं. तेवढ्यात चाचणीचा खेळ होतो, शेवट लोकांना आवडत नाही, नव्याने शूटिंग होतं, खलनायकाचं चिलखत बदलतं. प्रदर्शनाची तारीख तर कधीच जाहीर झालेली. ती हलत नाही. मग हलवायला उरतात त्या तुमच्या रात्री. २०२३ च्या 'द फ्लॅश'मधली ती मेणासारखी तोंडं बघून लोक हसले, तेव्हा दिग्दर्शक म्हणाला की ते मुद्दाम तसं केलं होतं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

आता याच्या उलट बघ. २०२१ चा 'ड्यून'. वाळूचंच जग, तर व्हीएफएक्स सुपरवायझर पॉल लॅम्बर्टच्या मंडळींनी हिरव्या-निळ्या पडद्याऐवजी वाळूच्या रंगाचे पडदे लावले. ऑर्निथॉप्टरची, त्या पंख फडफडवणाऱ्या विमानाची, केबिन बुडापेस्टजवळच्या टेकडीवर, उघड्या उन्हात, हलत्या सांगाड्यावर बसवली आणि भोवती वाळूच्या रंगाचा उतार उभारला. उन्हाचा उजेड त्यावरून उलटून नटांच्या हनुवटीखाली आला तो तांबूसच आला. हिरवं कापड असतं तर तिथे हिरवट झाक बसली असती आणि ती पुसत कुणीतरी पहाटेपर्यंत बसलं असतं. पडदा कापून काढायला अडचण आली का? नाही, कारण तपकिरी चित्राचे रंग उलटे केले की ते निळं होतं, आणि निळं कापायला तुम्ही लोक सरावलेलेच. एकाने आधी डोकं चालवलं म्हणून शंभर जणांचं काम हलकं झालं. २०२४ च्या दुसऱ्या भागात कॅमेरामन ग्रेग फ्रेझरने हार्कोनेनांचं, म्हणजे खलनायकांचं, जग इन्फ्रारेड कॅमेऱ्याने घेतलं. कातडी दुधासारखी, डोळे काळेभोर. त्यात काही काळी कापडं चक्क पांढरी दिसतात, म्हणून पोशाख आधी कॅमेऱ्यापुढे धरून तपासावे लागले. हे सगळं शूटिंगच्या आधीचं काम. दुसऱ्या भागातली शेवटची लढाई मात्र मला आटोपती घेतल्यासारखी वाटली. इतकी तयारी दाखवून इतक्या लवकर सगळं उरकायला नको होतं.

'गॉडझिला मायनस वन'बद्दल तर मी कुणाशीही भांडेन. दीड कोटी डॉलरच्या आतला खर्च, ३५ कलाकार, ६१० शॉट, आणि मार्च २०२४ मध्ये ऑस्कर. सगळे म्हणतात स्वस्तात केला. मला त्यातली किंमत मोठी वाटत नाही, बसायची व्यवस्था वाटते. ताकाशी यामाझाकी लेखक तोच, दिग्दर्शक तोच आणि व्हीएफएक्स सुपरवायझरही तोच. कलाकाराने शॉट दाखवला की होय किंवा नाही ते तिथेच, खुर्चीजवळ. लाकडी बोटीमागे तो राक्षस लागतो ना, ती बोट खरी आणि समुद्रही खरा, म्हणून पाण्याचा उजेड माणसांच्या तोंडावर बरोबर पडलाय. काही ठिकाणी अभिनय जरा चढा आहे, ते सोडून देऊ. तुझ्याकडे शेरे येतात कुठून? लॉस एंजेलिसहून, आपल्यापेक्षा साडेबारा-साडेतेरा तास मागे असलेल्या गावातून. त्यांची सकाळ झाली की शेरा निघतो, तेव्हा तुझ्या बंगळूरात रात्रीचे दहा-अकरा वाजलेले असतात, आणि त्यांना संध्याकाळपर्यंत उत्तर हवं असतं. म्हणजे तू झोपणार कधी?

बघ, आलंच ते.

'द क्रिएटर'मध्ये गॅरेथ एडवर्ड्सने आठ कोटी डॉलरमध्ये तिप्पट खर्चाचं रूप आणलं. दुकानात मिळणारा सोनी एफएक्स३ कॅमेरा घेतला, थायलंड-नेपाळसारख्या खऱ्या जागी शूटिंग केलं, आधी सिनेमा कापून पक्का केला आणि मग कुणाला यंत्रमानव करून मानेत यंत्र बसवायचं ते ठरवलं. जो शॉट सिनेमात राहणार त्यावरच काम. फेकून द्यायच्या शॉटवर कुणाची रात्र गेली नाही. गोष्ट मात्र पातळ आहे, त्या मुलीचं सोडलं तर कुणाशी जीव जडत नाही. तरी काम वाटायची पद्धत तीच बरोबर, असं मला वाटतं.

आणि मग 'स्पायडर-व्हर्स' येतो आणि माझं सगळं गणित चुकवतो. २०१८ च्या पहिल्या भागातलं जंगल आठव. मुरलेला स्पायडरमॅन पीटर सेकंदाला चोवीस चित्रांत हलतो आणि नव्या मायल्सचं एकेक चित्र दोन-दोन फ्रेम धरून ठेवलेलं, म्हणजे सेकंदाला बाराच. पोरगा नवशिका आहे हे कुणी बोलून दाखवत नाही, त्याच्या झोक्यातच ते दिसतं. जमायला लागल्यावर तोही चोवीसवर जातो. हे तूच मला थांबवून थांबवून दाखवलं होतंस. २०२३ चा दुसरा भाग भारतात दहा भाषांत आला, त्यांत मराठी होती आणि कन्नडही, आपल्या गावाला दोन्ही घरच्याच. भारतातल्या स्पायडरमॅनचं, पवित्र प्रभाकरचं, ते मुंबईसारखं मुंबटन मी कितीदा तरी बघितलं. इतका देखणा सिनेमा या दहा वर्षांत दुसरा नाही असं माझं ठाम मत. आणि त्याच जूनमध्ये तिथल्या काही कलाकारांनी नाव न देता वार्ताहराला सांगितलं की पुरे झालेले शॉट पुन्हापुन्हा मोडले जात होते, आठवड्याचे सातही दिवस काम होतं आणि शंभराच्या आसपास माणसं मध्येच सोडून गेली. निर्मात्यांनी आपली बाजू मांडली. पण ते वाचल्यापासून तो सिनेमा लावला की माझं लक्ष चित्रावर राहत नाही. चित्र चांगलं झालं म्हणजे माणसं नीट वागवली गेली, असं नसतं. तू म्हणतोस, 'आई, मोठ्या सिनेमात नाव येतं ना.' येतं रे. शेवटी हजार नावं वर सरकतात आणि मी आपली डोळे ताणून तुझं शोधत बसते. बाबा चप्पल घालून दारात उभे असतात तरी मी उठत नाही.

तुझा हात मला माहीत आहे. आव्वा भाकरी थापते त्याचा फोनवर घेतलेला व्हिडिओ तू मंगळावर नेऊन ठेवला होतास, चारेक सेकंदांचा. हात मागच्या चित्रातून कापून काढायला पहिल्यांदा तू प्रत्येक फ्रेमवर कडेचे ठिपके हलवत गेलास, तर हाताची कड थरथरायला लागली. मग सगळं पुसून मनगट वेगळं, तळवा वेगळा, पाची बोटं वेगळी केलीस. हात सगळ्यांत वर आणि सगळ्यांत खाली जातो तिथे खूण, मग मधोमध, मग त्याच्या मधोमध, गरज पडेल तिथेच. बांगडीने तर तुला रडवलं. ती जोरात हलते तेव्हा तिची कड अर्धी आरपार असते. धारदार कापली की चिकटवलेली दिसते, नुसती पुसट केली की धूर दिसतो. तू ती हाताच्या हलण्याच्या दिशेनेच पसरवलीस आणि मधून मंगळाची लाल माती दिसू दिलीस. आव्वा म्हणाली, 'माझ्या बांगडीला माती लागली की.' हे ज्याला जमतं त्याला मी 'तुझं काम वाईट' असं कशाला म्हणेन? ज्या प्लेटला, म्हणजे मूळ शूटिंगच्या चित्राला, मुळात उजेडच चुकीचा आहे तिची कड तू कितीही सुंदर कापलीस तरी ती खोटीच दिसणार. माझा राग त्या उजेडावर आहे.

इकडचे सिनेमे तू कमी बघतोस, ते बघ. 'मिन्नल मुरली' पुन्हा बघ, चहाच्या हॉटेलातला तो शिबू, गुरू सोमसुंदरम. वीज दोघांवर पडते, एकाला गाव हाताशी धरतं आणि दुसऱ्याला हाकलतं, बस्स. असा खलनायक मार्व्हलला बऱ्याच वर्षांत जमला नाही. 'लोका' तर तुझ्याच बंगळूरात घडतो. कल्याणी प्रियदर्शनची शक्ती मोजक्या वेळा दिसते, म्हणून दिसली की अंगावर काटा येतो. तीसेक कोटींचा सिनेमा, आणि पैसा गेलाय तो बरोबर जागी गेलाय. 'कल्की'चा पहिला अर्धा भाग मला फार लांबला. पण ती बुज्जी गाडी खरोखरची बांधलेली आहे, सहा टनांची, आणि वळताना तिचं वजन दिसतं. अश्वत्थामा उभा राहिला की बाकी सगळे लहान होतात. २०२५ च्या 'थंडरबोल्ट्स'मध्येही फ्लोरेन्स प्यूने क्वालालंपूरच्या मर्डेका टॉवरवरून स्वतः उडी घेतली, तो शॉट सिनेमातला सगळ्यांत खरा वाटतो. २०२५ चा 'सुपरमॅन' मला आवडला. राक्षसाशी लढता लढता खारीला वाचवतो, तो माझा सुपरमॅन. गर्दी फार केलीय, आणि त्या दुसऱ्या विश्वातल्या तुरुंगाचा भाग तुमच्यासारख्यांवर ढकलून दिलेला वाटतो.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते, रागावू नकोस. फेब्रुवारी २०१३ मध्ये 'लाइफ ऑफ पाय'च्या वाघाला ऑस्कर मिळालं आणि त्याच महिन्यात तो वाघ करणाऱ्या रिदम अँड ह्यूजने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. त्यांचे स्टुडिओ मुंबई-हैदराबादेतही होते. मंचावर त्यांचा व्हीएफएक्स सुपरवायझर बिल वेस्टनहोफर त्याबद्दल बोलायला लागला तर संगीत वाजवून त्याला गप्प केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही व्हीएफएक्सची कंपनी कोसळली, एमपीसी, द मिल हे तिचे स्टुडिओ सगळे घेऊन, आणि बंगळूरातली पोरं एका आठवड्यात घरी बसली. दोन्ही वेळा कामं भरपूर होती. बोली ठरलेल्या रकमेची, फेरफार मात्र कितीही वेळा, आणि वाढलेल्या रात्रींचा हिशेब कुणाच्याच वहीत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात मार्व्हलच्या व्हीएफएक्सवाल्यांनी एकमताने युनियन केली ती उगीच नाही. तुझं तिथलं नेमणूकपत्र बघ. जादा तासांचे पैसे लिहिलेत का, पीएफ कापून भरला जातो का, स्वतः पासबुकात बघ, कुणाच्या शब्दावर जाऊ नकोस. तुला दाखवता येतील असे शॉट, परवानगी मिळाल्यावर, सिनेमा लागल्याबरोबर तुझ्या कामाच्या रीलमध्ये घालून ठेव. रोटोत, म्हणजे कडा कापण्यात, अडकून राहू नकोस, चित्रं एकत्र जोडायचं कॉम्प शीक, त्याचं सॉफ्टवेअर नूक तुला येतंच. वीस मिनिटांनी वीस फूट लांबचं काहीतरी वीस सेकंद बघ. अंधाऱ्या खोलीत मॉनिटरच्या मागे एक मंद दिवा लाव. आणि पहाटे चारला तुझ्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसतं तेव्हा मी जागीच असते, हे आता सांगूनच टाकते.

पुरे करते. भाषण झालं, माफ कर. तू मोठा झालास, तुझं तुला कळतं, बाबाही मला तेच म्हणतात. वाटणीच्या कागदांचं तू मनात आणू नकोस, काका येऊन बोलून गेले. घरमालकीणबाई कन्नडच बोलतात हे बरं झालं, त्यांच्याशी बोलत जा, एकटा राहू नकोस.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसने मामा येतोय, त्याच्याबरोबर कुंदा आणि मेतकूट पाठवते. कुंदा फ्रिजमध्ये ठेव, ऑफिसात वाटला तर आधी आपला काढून घे. नवा सिनेमा बघायला जाशील तेव्हा टूडीच बघ, थ्रीडीच्या चष्म्यात निम्म्याहून जास्त उजेड जातो आणि रात्रीचे शॉट गढूळ होतात. तुझे ते शॉट कोणते, कितव्या मिनिटाला, ते फोनवर सांगता येत नसेल तर लिहून पाठव. मी पुन्हा जाऊन बघीन, तेवढ्यासाठी. आणि सुट्टी असेल त्या दिवशी दुपारी फोन कर, रात्री नको, रात्री झोप.

तुझी,
आई