धर्माचा रकाना कोणी भरायचा?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मुलांना धर्म शिकवावा की नाही, यावर आपल्या वाचकपत्रांत गेले काही दिवस चाललेली चर्चा मी आवर्जून वाचते आहे. एका बाजूचे म्हणणे असे की अठरा वर्षांपर्यंत मुलाला कुठलाच धर्म देऊ नये, मोठे झाल्यावर त्याने आपला निवडावा. दुसरी बाजू म्हणते, बापाचा तोच लेकराचा धर्म, त्यात निवडायचे काय? मी राहुरी तालुक्यात शिक्षिका आणि पुढे मुख्याध्यापिका म्हणून आयुष्य काढले. आमच्या शाळेत माळकरी, बौद्ध, ख्रिस्ती आणि मुसलमान घरांतली मुले एकाच बाकावर बसत. मला या दोन्ही बाजू पटत नाहीत.

पहिली गोष्ट तर होण्यासारखीच नाही. दिवेलागणीला हात जोडणे, चौदा एप्रिलला पांढरे कपडे घालून मिरवणुकीत जाणे, रमजानमध्ये आईबरोबर सहेरीला उठण्याचा हट्ट धरणे, नाताळच्या आधी दारोदार गाणी म्हणत फिरणे, हे मुलाला कोणी समोर बसवून शिकवत नाही. घरातली बोली लागते तसे ते लागते. देवधर्म न मानणाऱ्या घरातले मूलसुद्धा आईवडिलांचे न मानणेच उचलते. कोरी पाटी घेऊन पहिलीच्या वर्गात आलेले मूल मी कधी पाहिले नाही.

दुसऱ्या बाजूसाठी मात्र मला जरा सविस्तर लिहायचे आहे. बापाचा तोच लेकराचा धर्म, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच महाराष्ट्राचा इतिहास एकदा आठवावा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर बुद्धाकडे कसे वळले, हे त्यांनी स्वतः १९५६ साली बुद्धावरील आपल्या ग्रंथासाठी लिहिलेल्या एका प्रस्तावनेत सांगितले आहे. त्यांचे वडील रामजी सकपाळ कबीरपंथी होते. घरात भजने होत आणि मुलांना रामायण-महाभारत वाचावेच लागे. मुलाने एकदा वडिलांना विचारले, ज्या ग्रंथांत शूद्रांचा कमीपणा सांगितला आहे ते आम्हाला वाचायला का लावता? रामजींनी उत्तर दिले. आपण अस्पृश्य, आपल्या मनात न्यूनगंड येण्याची भीती असते. द्रोण आणि कर्ण लहान माणसे असून केवढ्या उंचीला गेले, वाल्मीकी कोळी असून रामायणकर्ता झाला, हे तुम्हाला कळावे म्हणून. मुलाचे समाधान झाले नाही. त्याने वडिलांच्या तोंडावर सांगितले की भीष्म, द्रोण, कृष्ण यांच्यापैकी कोणी मला आवडत नाही, आणि रामाचे शूर्पणखेशी, वालीशी, सीतेशी वागणेही पटत नाही. यावर वडील गप्प राहिले. मुलाच्या मनात बंड उठले आहे, हे त्यांनी ओळखले होते. गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी भेट दिलेले बुद्धचरित्र त्या मुलाने या प्रश्नाआधीच वाचले होते.

मला या हकिगतीत रामजी फार मोठे वाटतात. त्यांनी धर्म दिला, सक्तीने वाचायलाही लावले, म्हणजे आजच्या भाषेत पूर्ण 'प्रभाव' टाकला. पण प्रश्न आला तेव्हा कानाखाली दिली नाही, उत्तर दिले. आणि उत्तर कमी पडले तेव्हा गप्प राहिले. त्यानंतरही निवड एका रात्रीत झाली नाही. हिंदू धर्म सोडण्याची येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आणि नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची आणि विचाराची आहेत. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले सुमारे २८ लाख लोक बौद्ध म्हणून नोंदले गेले. त्यातल्या हजारो मुलांच्या वतीने आईवडिलांनीच निर्णय घेतला होता, हेही खरे. नवा धर्मही पुढच्या पिढीला वारशानेच मिळतो.

दुसरे उदाहरण आमच्या भागातल्या लोकांना जवळचे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळले. काही वर्षे त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, आणि परत आल्यावरही आपले सोवळे, आपली चूल आणि आपले पाणी सांभाळून राहिल्या. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या स्वतःच झगडल्या आणि १९०० साली स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. त्या काळात नवऱ्यामागे बायकोचा धर्म गृहीत धरला जात असताना एकाच कुटुंबात पाच वर्षे दोन धर्म राहिले. आज शिकलेल्या घरांतही हे जमत नाही.

धर्मानंद कोसंबींना तर बुद्ध 'बालबोध' मासिकातल्या एका लेखात भेटला. गोव्यातल्या सांखवाळचा हा तरुण त्या ओढीने घर सोडून नेपाळ आणि सिंहलद्वीपापर्यंत गेला. मागे बायको आणि तान्ही मुलगी राहिली, म्हणून या निवडीचे कौतुक करताना मला त्या दोघीही आठवतात. पुढे त्यांचे चिरंजीव दामोदर मार्क्सवादी झाले. बापाचे बुद्धप्रेम त्यांना दडपून टाकू शकले नाही, पण बापाचा अभ्यास त्यांच्यात पुरता उतरला.

आता शाळेतले सांगते. जूनमध्ये पहिलीचे प्रवेश सुरू झाले की पालक फॉर्म घेऊन समोर बसत. एका वर्षी एक जोडपे आले. नवरा मराठा, बायको बौद्ध, दोघे कारखान्याच्या वसाहतीत राहणारे. नाव, जन्मतारीख लिहून झाली आणि धर्माच्या रकान्यावर दोघांचेही पेन थांबले. नवरा म्हणाला, "माझंच लागंल ना?" बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तिथं नुसती रेघ मारली तर चालंल का?" मी अर्जावर रेघ मारू दिली. पण संगणकावर नोंद करताना ती जागा भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. शेवटी वडिलांचे तेच मुलीचे झाले. मुलगी तेव्हा बाहेर झोपाळ्यावर खेळत होती.

हा रकाना बाहेरच्यांना किरकोळ वाटतो. जनरल रजिस्टरमधली नोंद दाखल्यावर येते, दाखल्यावरून पुढची कागदपत्रे होतात आणि जात पडताळणीच्या वेळी आजोबांच्या शाळेतली नोंद शोधत नातवंडे दप्तरखान्यात येतात. बौद्ध घरांची तर या कागदाने फार ओढाताण केली. अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना मिळायला १९९० साल उजाडले. तोवर घरात बुद्धवंदना आणि दाखल्यावर 'हिंदू महार' असे अनेकांना करावे लागले. दलित ख्रिस्ती कुटुंबांची अडचण आजही तशीच आहे, कारण ख्रिस्ती झाले की अनुसूचित जातीचा हक्क जातो. पोटाचा प्रश्न असताना मनाने निवडलेला धर्म माणूस कागदावर कसा लिहील? अशा माणसांना खोटारडे म्हणणारी पत्रे छापून येतात तेव्हा मला खरेच वाईट वाटते.

याउलट मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये स्वच्छ सांगितले आहे की कोणालाही आपला धर्म जाहीर करण्याची सक्ती करता येणार नाही आणि 'मी कोणत्याही धर्माचा नाही' असे सांगण्याचा हक्क सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यात येतो. राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे सरकारी अनुदानाच्या शाळेतही धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवण्याआधी संमती लागते, अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकाची. भारताने १९९२ साली मान्य केलेल्या बालहक्क करारात याहून नेमके म्हटले आहे : धर्माबाबत मार्गदर्शन करण्याचा पालकांचा हक्क मान्य, पण मुलाची समज वाढेल त्या प्रमाणात. सहा वर्षांच्या मुलीसाठी एक आणि सोळा वर्षांच्या मुलीसाठी दुसरे, इतके ते साधे आहे.

पालकांनाही माझे एक सांगणे आहे. आमच्याच एका माळकरी पालकाचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि सुट्टीत येऊन त्याने गळ्यातली माळ देव्हाऱ्यात ठेवली. वडील माझ्याकडे आले, डोळ्यांत पाणी होते. म्हणाले, "बाई, काढली त्याचं एवढं नाही. मला एका शब्दानं विचारलं नाही, त्याचं लागलं." मी त्यांना विचारले, त्याने विचारले असते तर तुम्ही 'काढ' म्हणाला असता का? ते खाली बघत राहिले. त्या मुलाला हरिपाठ अजून तोंडपाठ आहे आणि म्हणायलाही आवडतो, फक्त तो आता विठ्ठल मानत नाही. मुलगा बिघडला असे गाव म्हणते, मला तसे वाटत नाही. पण मुलांना घरात विचारण्याची सोय नसली की ती न विचारताच निघून जातात, आणि हे सर्व धर्मांच्या घरांत मी पाहिले आहे. मुलीच्या बाबतीत तर लग्न हा एकच निर्णय तिचा देव, तिचे सण आणि कधी कधी तिचे नावसुद्धा ठरवून टाकतो. तिला कोणी विचारतही नाही.

म्हणून शिक्षण विभागाला माझी विनंती आहे. प्रवेश अर्जातला धर्माचा रकाना ऐच्छिक करावा आणि संगणकावरही तो रिकामा सोडता यावा. ज्यांना सवलतीसाठी नोंद हवी आहे त्यांनी ती जरूर करावी, त्यांच्या हक्काला धक्का लागू नये. आईवडिलांचे धर्म वेगळे असतील तर दोन्ही लिहिण्याची मुभा द्यावी. आणि अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला राजपत्र आणि वकील यांच्या फेऱ्यांत न अडकता, साध्या अर्जावर आपली नोंद बदलून किंवा काढून घेता यावी. यासाठी नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही, एक परिपत्रक पुरेसे आहे. येत्या जूनचे प्रवेश सुरू होण्याआधी ते निघावे.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
राहुरी, जि. अहिल्यानगर