नाताळच्या पुरवणीत श्रद्धा कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या नाताळ पुरवणीत केक, चांदण्या आणि मॉलमधला सांता वाचला. ज्या श्रद्धेतून हा सण आला तिच्याबद्दल एक ओळही नव्हती. मी नास्तिक आहे, तरी मला ते खटकलं.

मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, असं ख्रिस्ती लोक मानतात. करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात, जे बायबलमध्ये आहे, येशूचा प्रेषित पौल तर स्पष्टच म्हणतो की, ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे. सगळा धर्म एका घटनेवर पणाला लावणाऱ्या या माणसाबद्दल मला आदर आहे. खोटं ठरू शकेल असं नेमकं विधान करा, हेच मी वर्गात विज्ञान शिकवताना सांगत आलो. पुरावा मात्र मला पुरत नाही. पौलाचं हे पत्र घटनेनंतर वीसेक वर्षांनी लिहिलेलं, आणि येशूच्या बायबलमधल्या चरित्रांपैकी सर्वांत जुनं समजलं जाणारं मार्काचं शुभवर्तमान साधारण चाळीस वर्षांनी.

शेजारच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातल्या, काकूंना म्हटलं, "मेलेली माणसं उठत नाहीत हो." त्या म्हणाल्या, "ते आम्हाला ठाऊक नाही का? रोज उठली असती तर ईस्टर कशाला केला असता?" मला पटलं नाही, पण खोडताही आलं नाही. शिवाय, देवा, तू मला का सोडलंस, असं क्रुसावरचा येशू विचारतो, आणि मार्क ते झाकून ठेवत नाही. तिथे मी दर वेळी थांबतो.

ठाण्याला हा विषय नवा नाही. १३२१ साली चीनकडे निघालेले फ्रान्सिस्कन पंथाचे ख्रिस्ती साधू इथे उतरले, काझीसमोर धर्मावर वाद झाला आणि त्यांच्यातल्या चौघांना प्राण गमवावे लागले. आज तलावपाळीच्या बाकावर बसून आपण हाच वाद निर्धास्त घालू शकतो. घालत मात्र नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २०११ मध्ये ५९.३ टक्के होते, २०२१ मध्ये ४६.२ टक्के उरले. त्यातले किती जण विचार करून बाहेर पडले, अशी मला शंका आहे. नुसत्या विसरण्यातून आलेली नास्तिकता मला नको आहे.

म्हणून विनंती: येत्या ईस्टरला एका धर्मगुरूंचा आणि एका नास्तिकाचा लेख समोरासमोर छापा. पुनरुत्थान झालं की नाही, एवढ्याच प्रश्नावर. नास्तिकाची बाजू लिहायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, चरई, ठाणे (प.)