फेल झालेला प्लॉट

पिंपळगाव बसवंत,
मार्च

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून पत्र नाही, याबद्दलच्या शिव्या फोनवर घाल. आईचा गुडघा आणि माझा रक्तदाब जागच्या जागी आहेत. आज लिहायला बसलो तो अण्णांच्या द्राक्षांच्या प्लॉटमुळे, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगितले तर भाऊबंदकी म्हणतील.

मण्यांत पाणी उतरल्यावर ढगाळ हवेत भुरी हा बुरशीचा रोग दिसला आणि काढणी तोंडावर असताना अण्णांनी आंतरप्रवाही, म्हणजे आत भिनणारे, बुरशीनाशक मारले. निर्यातीचा नमुना रेसिड्यूला, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या मर्यादेला, फेल झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माल व्यापाऱ्याने लोकल म्हणून उचलला. कॅरेट भरताना मी बांधावर उभा होतो. थॉमसन जातीचे एकसारखे मणी, हिरवे देठ, डाग म्हणून नाही. रिपोर्ट वाचलेला नसता तर मीही दोन मणी तोंडात टाकले असते.

तू म्हणशील, मर्यादा ओलांडली म्हणजे विष झाले असे नव्हे. मान्य. ज्या रसायनाला वेगळी मर्यादा नाही त्याला युरोप किलोमागे 0.01 मिलिग्रॅम हाच आकडा लावतो, आणि तो जरासा ओलांडल्याने कोणी दवाखान्यात जात नाही. माझी भीती रोजच्या खाण्याची आहे. प्रत्येक रसायनाची मर्यादा स्वतंत्र ठरते, घडात मात्र चार-पाच एकत्र असू शकतात, आणि लहान मुले वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त फळ खातात. राहुरीच्या कृषी विद्यापीठात आपण ज्याला शेतकऱ्याचे मीठ म्हणायचो, त्या मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची मान्यता युरोपने डिसेंबर 2020 मध्ये नाकारली. ते प्रजननाला घातक आणि संप्रेरकांत ढवळाढवळ करणारे ठरले, शिवाय त्यापासून होणारे ईटीयू हे रसायन थायरॉइडला बाधते. आपल्याकडे त्याच वर्षी मे महिन्यात 27 कीडनाशकांवरील बंदीचा मसुदा निघाला, त्यात मॅन्कोझेब आणि कार्बेन्डाझिम ही दोन्ही बुरशीनाशके होती, आणि दोन्ही अजून दुकानात मिळतात.

आमच्या घरी द्राक्षे सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवतात. मॅसॅच्युसेट्समधल्या संशोधकांनी 2017 मध्ये सफरचंदावर हेच करून पाहिले. वरचे बरेचसे निघाले, पण सालीत मुरलेले थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक राहिले. सफरचंद निदान सोलता तरी येते.

2010 साली लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशापायी युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा तू निर्यातदारांची बाजू घेतलीस, हे मी विसरलेलो नाही. तरी एक कबूल करतो, ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांच्या नोंदणी यंत्रणेमुळे तुझ्या रॉटरडॅमच्या दुकानातल्या डब्याचा माग थेट आमच्या प्लॉटपर्यंत काढता येतो. नाशिकच्या हातगाडीवरचा घड कोणाचा, त्यावर शेवटची फवारणी कधी झाली, हे विचारायची सोयच नाही. म्हणजे तू परदेशात बसून तपासलेली द्राक्षे खाणार आणि माझा नातू फेल झालेली, हा न्याय मला पचत नाही.

मीराची परीक्षा कशी झाली? घराचा व्यवहार पुरा झाला असेल तर पत्ता कळव, वहिनींना नमस्कार.

येत्या सोसायटीच्या बैठकीत मी मांडणार आहे, की फेल प्लॉटचा माल पुन्हा नमुना पास होईपर्यंत तोडू नये, आणि त्या तपासणीचा खर्च सोसायटीने उचलावा. अण्णा विरोधात बोलणार हे नक्की, आणि बैठकीला येणार तेही माझ्याच गाडीतून.

तुझा,
विलास